पुराचा इशारा जिल्ह्याला की गावाला? सोलापूरकरांनो, बोला

सीनाकाठी

पावसाळा तोंडावर आलाय. वळवाच्या दोन सरी झाल्या की फोनवर तेच सुरू होतं: आज सोलापूर जिल्ह्याला यलो अलर्ट, उद्या ऑरेंज, परवा काहीच नाही. माझं म्हणणं सरळ आहे. नदीकाठच्या माणसाला या रंगाचा काडीचा उपयोग नाही. प्रशासन, बातम्या, शाळा सगळे त्या एकाच रंगाकडे बघून चालणार असतील तर ते आमच्या जिवावर बेतणार आहे.

सप्टेंबर 2025 आठवा. घटस्थापनेचे दिवस होते. सीनेला जो पूर आला त्यातलं किती पाणी आमच्या शिवारात पडलं होतं? थोडंच. बाकी सगळं वरून आलं, अहिल्यानगरकडून, बीडकडून, धाराशिवकडून. सीना कोळेगाव, चांदणी, खासापुरी या धरणांचं पाणी एकत्र होऊन नदीत दोन लाख क्युसेकच्या, म्हणजे सेकंदाला दोन लाख घनफुटांच्या वर गेलं. करमाळा, माढा, मोहोळ, उत्तर आणि दक्षिण सोलापूर, सगळा पट्टा पाण्याखाली. लांबोटीला पुणे महामार्ग बंद, हत्तूरला विजयपूरचा रस्ता बंद. एनडीआरएफ आली, लष्कर आलं, मुख्यमंत्री निमगाव-दारफळला येऊन गेले.

आता बघा, हवामान खात्याच्या नकाशात धाराशिव आणि बीड मराठवाड्यात, आपण मध्य महाराष्ट्रात. तिकडच्या पावसाचा इशारा तिकडच्या बातम्यांत. नदी मात्र एकच आहे आणि ती आमच्या दारात येते. आमच्या जिल्ह्याला कुठलाही रंग असो, तो आमच्या डोक्यावरच्या पावसाचा. नदीतून येणाऱ्या पाण्याचा रंग कोण सांगणार?

त्या रात्री आम्ही ट्रॅक्टरच्या उजेडात नदीवरच्या पाणी उपसायच्या मोटारी ओढत होतो. पाणी गुडघ्याला लागलेलं. पेटी सोडवली, स्टार्टर खांद्यावर टाकला, पाइप तसाच सोडून द्यावा लागला. पाणी चढतंय हे दिसत होतं, अजून किती चढणार हे सांगणारं कुणी नव्हतं. अजून फूटभर की अजून दहा फूट? त्या एका उत्तरावर गोठ्यातली जनावरं सोडायची की नाही ते ठरणार होतं.

कोल्हापूरकराला झोपेतून उठवून विचारा, राजाराम बंधाऱ्याला पंचगंगेची इशारा पातळी किती? 39 फूट म्हणेल. धोका पातळी? 43. सांगलीत आयर्विन पुलाला 40 आणि 45. तिथली शाळेतली पोरंसुद्धा 'आज किती फूट' विचारतात. सीनेच्या काठावर कुठल्या गावात असा आकडा माणसांच्या तोंडात आहे? मला सीनेवरच्या प्रत्येक पुलावर फुटांच्या पट्ट्या हव्यात आणि निरोप गावाच्या नावाने यायला हवा. नुसता रंग नको.

ढगनिरीक्षक

दादा, तुमचं नुकसान खरं आहे, राग खरा आहे, पण तो चुकीच्या खात्यावर निघतोय. मी हवामानशास्त्राचा विद्यार्थी आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पिवळा, नारिंगी, लाल हे रंग पावसाचे आहेत. 24 तासांत 64.5 मिलिमीटरपासून मुसळधार, 115.6 पासून अति मुसळधार, 204.4 च्या वर गेला तर अत्यंत मुसळधार. यात शक्यता किती आणि परिणाम किती हे बघून रंग ठरतो. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. नदी किती फुगेल हे यात कुठेच नाही आणि हवामान खातं तसा दावाही करत नाही. पुराचा अंदाज केंद्रीय जल आयोगाचा, धरणाच्या विसर्गाचा निरोप जलसंपदा विभागाचा, आणि माणसं हलवण्याचा आदेश जिल्हाधिकाऱ्यांचा, 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने.

गावाच्या नावाने पावसाचा इशारा मागणं म्हणजे अशक्य ते मागणं. आपला जिल्हा जवळजवळ पंधरा हजार चौरस किलोमीटरचा, अकरा तालुके. परतीच्या पावसातला गडगडाटी ढग कधी पाच-दहा किलोमीटरच्या पट्ट्यात सगळं ओतून मोकळा होतो. मंगळवेढ्यात ओढे फुटतात आणि सांगोल्यात रस्ता कोरडा. मे 2025 मध्ये हवामान अंदाजाची भारत फोरकास्ट सिस्टीम सुरू झाली, तिची जाळी 6 किलोमीटरची आहे. आधी 12 होती. सुधारणा मोठी आहे, तरी तो त्या चौकोनाचा अंदाज असतो. तुमच्या बांधाचा नसतो.

आणि जिल्ह्याचा रंग काढून टाका म्हणाल तर वीज पडून मरणाऱ्यांचं काय? एप्रिल ते जून आपल्याकडे शेतात झाडाखाली थांबलेली माणसं आणि जनावरं विजेनं जातात. त्यांच्यासाठी तोच इशारा आहे.

सीनाकाठी

रंग काढून टाका असं मी लिहिलंय कुठं? विजेसाठी ठेवा, शहरासाठी ठेवा, द्राक्षवाल्यांसाठी ठेवा. माझा मुद्दा एवढाच की जिल्हा पिवळा आहे म्हणून तालुक्यातला कर्मचारी निवांत बसतो आणि आमच्या वर दोन जिल्हे लाल असतात. पाऊस हवामान खात्याचा, धरण जलसंपदाचं, माणसं महसूलची, पूर जल आयोगाचा. ही सगळी वाटणी पुरात बसलेल्या माणसाला पाठ असायला हवी का? त्याला एक निरोप पाहिजे, एका माणसाकडून.

चंद्रभागेकाठी

पंढरपूरहून. मला वाटतं सीनाकाठी यांनी सगळ्या जिल्ह्याचं चित्र सीनेवरून काढलंय. भीमेवर व्यवस्था चालते आणि बरी चालते.

आमच्याकडे पावसाळ्यात सकाळी चहाच्या टपरीवर पहिला विषय दौंडचा विसर्ग. पुण्याच्या बाजूची धरणं सोडली की दौंडला आकडा वाढतो, तो उजनीत येतो. उजनी धरण 117 टीएमसीचं (एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट), त्यामुळे तिथं येणारं पाणी काही काळ धरून ठेवता येतं, टप्प्याटप्प्याने सोडता येतं. मग उजनीतून किती, वीरमधून नीरेत किती, नरसिंहपूरच्या संगमाला दोन्ही मिळून किती, हे आकडे दिवसातून कितीदा तरी फोनवर येतात. दगडी पूल कधी पाण्याखाली जाणार, व्यास नारायण झोपडपट्टीत पाणी कधी शिरणार, हे लोक त्या संगमाच्या आकड्यावरून सांगतात. नगरपालिकेची गाडी भोंगा लावून फिरते, माणसं मठात, शाळेत जातात. दरवर्षी त्रास होतो, पण झोपेत पाणी येत नाही.

मग रंगाचा उपयोग शून्य का? तसंही नाही. 14 ऑक्टोबर 2020. बंगालच्या उपसागरातलं कमी दाबाचं तीव्र क्षेत्र 13 तारखेला काकीनाड्याजवळ किनाऱ्यावर आलं, तेलंगणातून सरकत आपल्यावर आलं. पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत कोसळली आणि सहा माणसं दगावली. नदीच्या पुराने नाही, पावसाने. तिथं तुमच्या फुटाच्या पट्टीने काय केलं असतं? त्या दिवशी 'घराबाहेर पडू नका, जुन्या भिंतीच्या आडोशाला थांबू नका' एवढंच कामाचं होतं, आणि ते पावसाच्या इशाऱ्यातूनच येतं.

बागायतदार, कासेगाव पट्टा

माझं मत दोघांच्याही विरुद्ध जाईल. इशारे फार झालेत. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी झाली की एकेका फवारणीचा खर्च विचारा. 'पुढचे तीन दिवस पाऊस' म्हटलं की आम्ही डावणीच्या (बुरशीच्या रोगाच्या) भीतीने आधीच औषध मारतो, मजूर दुप्पट पैशानं आणतो, आणि तीन दिवस लख्ख ऊन. बेदाणा रॅकवर असताना ऑरेंज अलर्ट आला की ताडपत्र्या, माणसं, सगळी धावपळ. पाऊस पडतो बार्शीत. आमचे पैसे गेले ते गेले. असं पाच-सहा वेळा झालं की सातव्या वेळी माणूस फोन बघत नाही, आणि नेमकं तेव्हाच गारपीट होते.

मला एक सांगा. नुकसानभरपाईला सरकार महसूल मंडळ, म्हणजे तालुक्यातला काही गावांचा गट, धरतं. मंडळात 24 तासांत 65 मिलिमीटर झाला तर अतिवृष्टी, शेजारच्या मंडळात 62 झाला तर नाही. शेतकऱ्याला पैसे द्यायची वेळ आली की मंडळापर्यंत बारीक मोजायला जमतं. मग इशारा देताना अख्खा जिल्हा का? पर्जन्यमापक मंडळात, यंत्र मंडळात, आणि अंदाज मात्र करमाळ्यापासून अक्कलकोटपर्यंत एकच.

ढगनिरीक्षक

मालक, पडलेला पाऊस मोजणं आणि पडणारा पाऊस सांगणं यात फार फरक आहे. पडलेल्यासाठी भांडं पुरतं. मंडळवार अंदाज आज दिला तर तो आजच्यापेक्षा जास्त वेळा चुकेल आणि तुमच्या आणखी फवारण्या वाया जातील.

तुमचा दुसरा मुद्दा, खोटे ठरणारे इशारे, त्यावर मी ठाम आहे. इशाऱ्याचा उंबरठा वर नेला की वाया जाणारे इशारे कमी होतात, पण हुकणारी वादळं वाढतात. दोन्ही एकदम कमी करायचं तर रडार आणि निरीक्षणं वाढवावी लागतात, दुसरा मार्ग नाही. सोलापुरात पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने कृत्रिम पावसाच्या प्रयोगासाठी रडार बसवलं होतं, तेव्हा आपल्या डोक्यावरचा ढग किती बारकाईने दिसू शकतो ते कळलं. तसं रडार इथं कायमचं, चोवीस तास इशाऱ्यासाठी चाललं पाहिजे, ही मागणी करा, मी सही करतो. तोपर्यंत तीन तासांचा तात्कालिक अंदाज येतो तो बघा. तीन दिवसांच्या अंदाजावर मजूर ठरवा, पण ताडपत्री तीन तासांच्या अंदाजावर टाका.

जि.प. शिक्षिका

बागायतदार भाऊ, फवारणी वाया गेली याचं दुःख मला कळतं, माझंही माहेर शेतकऱ्याचंच. पण 'इशारे फार झाले' हे वाक्य मला पटत नाही.

माझ्या शाळेत वस्तीवरची मुलं ओढ्याच्या फरशीवरून येतात. सकाळी येताना ओढ्यात घोट्याएवढं पाणी, चार वाजता शाळा सुटताना फरशी दिसत नाही. वर कुठंतरी पाऊस झालेला असतो, शाळेवर थेंब नाही. अशा वेळी मी मुलांना पलीकडच्या काठावर उभ्या असलेल्या आयांच्या समोर थांबवून ठेवते. त्या तिकडून हाका मारतात, मुलं इकडून रडतात, आणि एखादा मोठा भाऊ 'मी नेतो' म्हणून पाण्यात उतरायला बघतो. गुडघ्याएवढं वाहतं पाणी मोठ्या माणसाला उभं राहू देत नाही.

जिल्हाधिकारी ऑरेंज-रेड अलर्टला सुट्टी देतात तेव्हा पालकांच्या गटात नाराजी येते, 'ऊन पडलंय आणि सुट्टी कसली'. पडू दे ऊन. दहापैकी नऊ सुट्ट्या वाया गेल्या तरी मला चालतील. बुडालेला तास रविवारी घेता येतो.

माजी पोलीस पाटील

सगळे शिकलेले लोक बोलतायत, माझं बी ऐका. मी बरीच वर्षं गावात पोलीस पाटील होतो, सीनेकाठीच. त्या सप्टेंबरच्या पुरात निरोप आला नव्हता असं नाही. निरोप आला होता. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर सांगितलं, देवळातल्या स्पीकरवर सांगितलं, मशिदीतनं बी सांगितलं. पोरं घेऊन घरोघरी हिंडलो. लोक निघंनात.

म्हातारी माणसं म्हणायची, 'सीनेला कुठं एवढं पाणी येतंय, उन्हाळ्यात उजनीच्या जोड कालव्यातनं सीनेत पाणी सोडा म्हणून मोर्चे काढतोय आपण.' ही नदी वर्षातनं आठ महिने वाळूत. माणसाच्या मनात तिची भीतीच नाही. हे एक.

दुसरं, आणि हे खरं. एका घरात दोन म्हशी, एक गाभण गाय, चार शेळ्या. बोटीत माणूस बसतो, म्हैस बसत नाही. शाळेत माणसाला जागा, गोठ्याला नाही. 2025 च्या पुरावेळी एसडीआरएफच्या, म्हणजे सरकारी आपत्ती निधीच्या, निकषात दुभत्या जनावराला 37,500 रुपये होते. बाजारात चांगली म्हैस लाखाच्या घरात. तीच त्या घराचा रोजचा पगार. बाई मला म्हणाली, 'पाटील, पोरांना न्या, मी हितंच थांबते.' तिला रंग कळत नव्हता म्हणून ती थांबली नाही. तिला सगळं कळत होतं.

म्हणून मी म्हणतो, फुटाच्या पट्ट्या मारा, रंग द्या, मोबाईलवर टाका, काय बी करा. जनावर कुठं बांधायचं आणि तिथं वैरण कोण आणणार हे ज्या इशाऱ्यात नाही, तो इशारा निम्माच.

सीनाकाठी

पाटील, तुमच्या शब्दाला मान आहे. पण एका जागी मला वेगळं वाटतं. निरोप काय होता? 'नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे.' हेच ना? सतर्क म्हणजे काय करायचं? तोच निरोप ऑगस्टात आला होता, तेव्हा पाणी पात्राबाहेर आलं नव्हतं. तोच शब्द, तोच स्पीकर. दोन्ही वेळी फरक काय पडणार हे सांगितलंच नाही तर म्हातारा माणूस जुन्या अनुभवावरच चालणार, त्याचं काय चुकलं?

त्या जागी असं सांगितलं असतं की पाणी मारुतीच्या देवळाच्या पायरीला लागेल, खालच्या आळीत पुरुषभर येईल, तर म्हातारी माणसंच आधी उठली असती. देवळाची पायरी त्यांना माहीत आहे. दोन लाख क्युसेक त्यांना माहीत नाही, मलाही तेव्हा नव्हतं.

जनावरांचं तुमचं शंभर टक्के खरं. त्यासाठी तर वेळ जास्त लागतो. माणूस अर्ध्या तासात निघतो, गोठा रिकामा करायला चार-पाच तास पाहिजेत, आणि उजेड पाहिजे. रात्री एकला निरोप आला तर गोठा गेलाच समजा.

शेळगीकर

शहरातल्या लोकांना वाटतं पूर म्हणजे सीना-भीमा. आमच्याकडे आदिला नदी आहे हे पावसाळा सोडून कुणाला आठवत नाही. एकरुख म्हणजे हिप्परग्याचा तलाव, इंग्रजांच्या काळातला, तो भरला की सांडव्याचं पाणी आदिलेतून शहराच्या अंगावर येतं. ओढ्यावर घरं, ओढ्यात भराव, पुलाच्या नळ्यांत प्लॅस्टिक. घरात गटाराचं पाणी शिरायला इथं दोन लाख क्युसेक लागत नाहीत, संध्याकाळचा दीड तासाचा पाऊस पुरतो.

आम्हाला जिल्ह्याचा रंगही कामाचा नाही आणि गावाचा फूटही नाही. आम्हाला एक तास आधी कळलं तर फ्रिज विटांवर चढवता येतो, दुचाकी वरच्या गल्लीत लावता येते, तळघरातल्या दुकानदाराला सूत आणि चादरी वर नेता येतात. चादरीच्या गठ्ठ्याला पाणी लागलं की माल गेला. 2023 मध्ये फोनवर मोठा आवाज करून चाचणीचा मेसेज आला होता ना, सगळ्यांच्या फोनवर एकदम? ते तंत्र मोबाईल टॉवरप्रमाणे चालतं. फक्त शेळगी आणि आदिलेकाठच्या टॉवरवर पाठवता येतो. नंबर लागत नाही, ॲप लागत नाही. चाचणी झाली, आता खरा वापर करा. हे गल्लीपर्यंत जातं, मग 'गावापर्यंत जमत नाही' हे कारण कुठं राहिलं?

ढगनिरीक्षक

पाठवता येतं हे बरोबर. काय पाठवायचं हा प्रश्न उरतो. टॉवरपुरता मेसेज पाठवायला टॉवरपुरती माहिती लागते. एकरुखच्या पाण्याची ती मिळू शकते, कारण तलाव आणि सांडवा डोळ्यासमोर आहे. ढगाची तितकी नाही.

अंगणवाडी सेविका

फोनवर एवढं चाललंय म्हणून लिहिते. दुपारी वस्तीवर फोन कुणाकडे असतो? मालकाकडे. मालक असतो मोहोळला नाहीतर सोलापुरात कामाला. घरी बाई, सासू, लेकरं. फोन असला तर मुलगा गेम खेळत असतो आणि मेसेज पुसून टाकतो. सासूला वाचता येत नाही. रात्री लाइट गेली की चार्जिंग नाही, टॉवरसुद्धा बंद पडतो. पुरात पहिल्यांदा लाइट जाते हे सगळ्यांना माहीत आहे.

माझ्याकडे गरोदर बायांची यादी असते, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांची असते, कुठल्या घरात किती लहान लेकरं ते तोंडपाठ असतं. त्या यादीतल्या बायांना आधी हलवायला पाहिजे, एखादी नववा महिना लागलेली बाई पाणी आल्यावर बोटीत कशी बसणार? पण पुराच्या बैठकीला आम्हाला कुणी बोलवत नाही. बोलवा. आशा ताईंना पण बोलवा. आम्ही दारात जाऊन सांगितलं की बाया ऐकतात.

निवृत्त पाटकरी

मी कालव्यावर आणि नंतर बंधाऱ्यांवर नोकरी केली. सीनाकाठी यांची मागणी मनाला पटते, पण तिच्यात एक धोका आहे, तो सांगतो.

'पाणी देवळाच्या पायरीला लागेल' असं तुम्ही सांगितलं आणि ते पायरीच्या चार फूट वर आलं, तर? लोक पायरीच्या वर थांबलेले असतील. कोल्हापूर-सांगलीची गोष्ट वेगळी. तिथं नदी दरवर्षी फुगते, वर्षानुवर्षांच्या नोंदी आहेत, पाणी सावकाश चढतं. सीनेच्या नोंदी तेवढ्या दाट नाहीत. वरची धरणं लहान. हिशोब करा: एक लाख क्युसेक एक दिवस वाहिलं तर 8.64 टीएमसी होतात. उजनीसारखं धरण एवढं पाणी एखादवेळी पोटात घेईल, सीनेवरचं धरण नाही. वरून आलं तेवढं खाली सोडायचं, एवढंच त्याच्या हातात. त्यात धरणाच्या खाली मिळणारे ओढे-नाले, भोगावती नदी, त्यांचं पाणी कुठल्याच दरवाजातून मोजून येत नाही.

आणखी एक. सीनेवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळ्याआधी बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढायचे, पाऊस संपताना टाकायचे, हा नियम. सप्टेंबरात शेतकरी म्हणतात पाणी वाहून चाललं, बर्गे टाका. टाकले आणि पूर आला तर बंधारा अडसर होतो, पाणी बाजूने भराव फोडून शेतात घुसतं, माती खरवडून नेतं. अशा ठिकाणी कुठल्या गावात किती फूट पाणी येईल हे कागदावर कोण सांगणार? मी तरी सही करणार नाही.

त्यामुळे जिल्हाभर ढोबळ इशारा द्यावा, लोकांनी वाईटात वाईट धरून चालावं, हे मला जास्त सुरक्षित वाटतं.

सीनाकाठी

अण्णा, तुम्ही सांगितलेली प्रत्येक गोष्ट माझ्याच बाजूची आहे. नोंदी नाहीत म्हणून आकडा देता येत नाही, आणि आकडा द्यायचा नाही म्हणून नोंदी कुणी ठेवत नाही. हे कुठंतरी तुटलं पाहिजे. 2025 चं पाणी कुठवर आलं ते आज गावागावांत माहीत आहे. भिंतींवर गाळाची रेघ आहे. जलसंपदाची निळी पूररेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदाची. ती नकाशावर असते. आमच्या भिंतीवरची रेघ आम्ही डोळ्यांनी पाहिली आहे. त्या दिवशी वरून किती विसर्ग होता हे सरकारी दप्तरात आहे. हे दोन शेजारी लिहिले की पहिली नोंद तयार झाली. 'एवढा विसर्ग, एवढं पाणी.' पुढच्या वेळी निम्मा विसर्ग असेल तर निम्मं पाणी येईल असं मी म्हणत नाही. पण गावाला काहीतरी आधार मिळेल.

वाईटात वाईट धरून दर वेळी गोठा रिकामा करायचा म्हणता, तो किती वेळा करणार माणूस? बागायतदार तिसऱ्या फवारणीला कंटाळला तर आम्ही तिसऱ्या वेळी जनावरं हलवायला कंटाळणार नाही का?

निवृत्त पाटकरी

भिंतीवरची रेघ आणि विसर्ग शेजारी लिहायला माझी ना नाही. लिहाच. पण वेळ किती मिळेल हे त्यातून निघत नाही. पाणी धरणापासून तुमच्या गावाला किती तासांत येतं ते पात्र कोरडं होतं की आधीच भरलं होतं यावर बदलतं. भरलेल्या पात्रातून ते लवकर येतं. तासांचा आकडा लोकांना देऊ नका, ही माझी विनंती कायम आहे. दिलाच तर कमीत कमी तो द्या.

चंद्रभागेकाठी

तासांचं एक सोपं आहे. वरच्या गावाने खालच्या गावाला फोन करायचा. आमच्याकडे भीमेकाठी होतं हे. पुलाला पाणी लागलं की खाली कळवतात. सरकारी निरोपाच्या आधी पोचतो तो.

माजी पोलीस पाटील

फोन वरच्या गावाला करायचा म्हणजे सीनेच्या वरचं गाव धाराशिव जिल्ह्यात येतं काही ठिकाणी. तिकडच्या पाटलाचा नंबर माझ्याकडे होता, नात्यातला म्हणून. आता नवीन माणूस आलाय, त्याच्याकडे असंल का माहीत नाही. 1077 ला फोन केला तर आपल्याच जिल्ह्याच्या कंट्रोल रूमला लागतो, शेजारच्या जिल्ह्यात काय चाललंय ते तिथनं विचारून सांगणार. दोन्ही जिल्ह्यांच्या काठावरच्या गावांचे पाटील, सरपंच, धरणावरचा माणूस एका गटात पाहिजेत. जून लागायच्या आत.

आणि जागेचं सांगा. आमच्या गावात उंचावर गायरान हाय, तिथं जनावरं बांधता येतील, पण जायच्या वाटेवर ओढा हाय. त्याच्यावर पूल नाही. आधी ते मागा.

सीनाकाठी

गट मी करतो. करमाळ्यापासून मोहोळपर्यंत आणि परंड्याकडचे जे कुणी इथं वाचत असतील त्यांनी गावाचं नाव आणि नदीच्या कुठल्या काठावर ते लिहा, नंबर इथं टाकू नका. बर्गे अजून कुठल्या बंधाऱ्यावर निघालेले नाहीत तेही कळवा. अंगणवाडी ताई, तुम्ही आणि तुमच्या ओळखीच्या आशा ताई पहिल्या. येत्या ग्रामसभेत पुलावरच्या पट्ट्यांचा आणि पाटलांच्या ओढ्यावरच्या पुलाचा ठराव मांडणार आहे. पट्टीचा शून्य कुठून धरायचा हे अण्णांनी येऊन दाखवावं, विरोध असला तरी.

निवृत्त पाटकरी

येतो. शून्य पात्राच्या तळाला धरायचा नाही, तळ दर पुरात बदलतो. पुलाच्या खांबाच्या पायथ्याचं काँक्रीट धरायचं.